‘नेव्हर’ म्हणजे ‘नेहमी’? एका शेऱ्याने मला शिकवलेला धडा



आज एका छोट्याशा इंग्रजी शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द आहे ‘नेव्हर’. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं? नेव्हर म्हणजे कधीच नाही, झालं! मलाही अनेक वर्षं असंच वाटत होतं. शब्दार्थाच्या यादीत तो फळ्यावर लिहायचा, मुलांनी वहीत उतरवायचा, आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. पण या शब्दाने एकदा मला चांगलंच तोंडघशी पाडलं. ती गोष्ट आधी सांगते, मग व्याकरणाकडे वळू.

वहीतला शेरा

मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. आमचं गाव साताऱ्याकडचं, ऊस आणि भाजीपाला पिकवणारं. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गृहपाठ म्हणाल तर वही कोरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शुक्रवारी वह्या तपासताना त्याची वही पुन्हा कोरी दिसली आणि माझा पारा चढला. लाल पेनाने मी ठसठशीत लिहिलं, ‘यू नेव्हर कम्प्लीट युअर होमवर्क.’ खाली लिहिलं, पालकांची सही आणावी.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थना झाली आणि व्हरांड्यात त्याची आई उभी. हातात पिशवी, पिशवीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा. चेहरा असा फुललेला की मी गोंधळलेच.

“बाई, लई बरं वाटलं बघा. पोरगं नेहमी अभ्यास पुरा करतंय असं लिव्हलंय न्हवं तुमी? त्येनंच वाचून दाखवलं. शेंगा घ्या घरच्या.”

मी त्या मुलाकडे पाहिलं. खोटं बोलून आईला फसवलं म्हणावं, तर त्याच्या चेहऱ्यावर चोरीचा मागमूस नव्हता. तो आईच्या बाजूला ताठ उभा होता, आणि शाळेत कधी नव्हे ते हसत होता. काय बोलावं मला सुचेना. “बरं झालं आलात, ताई,” एवढंच कसंबसं म्हणाले. शेंगा घेतल्या. सही पाहिली. पाटीवर गिरवल्यासारखी, एकेक अक्षर सुटं.

तास सुरू झाल्यावर मी सगळ्या वर्गाला एक काम दिलं. फळ्यावर ‘नेव्हर’ लिहिलं आणि म्हटलं, याचा मराठी अर्थ वहीत लिहा, शेजारच्याचं बघू नका. सातआठ वह्यांत उत्तर निघालं, ‘नेहमी’!

आता तुम्हीच सांगा, यात मुलांची चूक किती? ‘ने’ने सुरू होणारे दोन शब्द, दोन्ही वेळ सांगणारे. एक रोजच्या बोलण्यातला, दुसरा वर्षातून दोनदा फळ्यावर दिसणारा. मुलाने अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाशी बांधून टाकलं. मी ‘आलवेज’ आणि ‘नेव्हर’ एकाच यादीत एकाखाली एक लिहून दिले होते, पण एकाही वाक्यात वापरून घेतले नव्हते.

‘कधीच’ आणि ‘नाही’ची जोडी

त्या दिवसापासून मी हा शब्द नव्याने शिकवायला लागले. शिकवताना लक्षात आलं की अडचण फक्त अर्थाची नाही, आपल्या भाषेच्या घडणीचीही आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी कधीच चहा पीत नाही.’ इथे ‘कधीच’ही हवं आणि ‘नाही’ही हवं. म्हणून मुलं इंग्रजीत लिहितात, ‘आय डोन्ट नेव्हर ड्रिंक टी.’ त्यांच्या मनात हिशेब सरळ आहे. कधीचला ‘नेव्हर’, नाहीला ‘डोन्ट’. पण इंग्रजीत ‘नेव्हर’च्या पोटातच नकार बसलेला आहे. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या दोन तुकड्यांचा. ‘ने’ म्हणजे नाही, आणि त्याला जोडलेलं ‘एव्हर’चं जुनं रूप. तो ‘ने’ आणि आपला संस्कृतातून आलेला ‘न’ हे एकाच मोठ्या भाषाकुळातले भाऊबंद. मुलांना हे सांगितलं की ‘नेव्हर’मधला ‘न’ त्यांना दिसायला लागतो. मग ‘नन’, ‘नायदर’, ‘नॉर’ यांतलाही ‘न’ ती स्वतःच शोधून काढतात.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या ‘कधीच’मध्ये नकार अजिबात नाही. ‘नाही’ काढून टाकलं तर अर्थ शून्य होत नाही, पार उलटा होतो.

‘त्याने गृहपाठ कधीच केला नाही.’ म्हणजे एकदाही केला नाही.
‘त्याने गृहपाठ कधीच केला!’ म्हणजे केव्हाचाच उरकून टाकला.

तेच ‘कधीही’चं. ‘कधीही ये’ म्हणजे दार उघडंच आहे, आणि ‘कधीही येऊ नकोस’ म्हणजे दार बंद. मराठीत सगळा भार शेवटच्या ‘नाही’वर किंवा ‘नको’वर असतो, इंग्रजीत तो ‘नेव्हर’वर येतो, म्हणजे क्रियापदाच्याही आधी. मराठी बोलणारा मूल वाक्य संपेपर्यंत नकाराची वाट पाहतं. इंग्रजी वाक्यात ‘नाही’ शेवटी येतच नाही, म्हणून ते गडबडतं.

इथे एक सांगायला हवं. दोन नकार एकत्र वापरणं हा काही अडाणीपणा नाही. जुन्या इंग्रजीत ते सर्रास चालायचं. चौदाव्या शतकातल्या चॉसरने आपल्या शूर सरदाराचं वर्णन करताना एकाच वाक्यात नकारावर नकार रचले आहेत. आजही इंग्रजीच्या कितीतरी बोलींमध्ये ते चालतं. पण लेखी, प्रमाण इंग्रजीत एकच नकार ठेवायचा, हा आजचा रिवाज. म्हणून मुलाने ‘डोन्ट नेव्हर’ लिहिलं तर नुसती लाल फुली मारू नका. “तू मराठीसारखा विचार केलास, बरोबर आहे, पण इंग्रजीला एकच नकार पुरतो,” असं सांगा. मुलाचा चेहराच बदलतो.

जागा आणि तो सुटणारा ‘एस’

नेव्हरची जागा लक्षात ठेवायला मी मुलांना तीन वाक्यं पाठ करायला लावते.

१. शी नेव्हर ईट्स मीट. इथे मुख्य क्रियापदाच्या आधी.
२. ही इज नेव्हर लेट. इथे ‘इज’च्या नंतर.
३. आय हॅव नेव्हर सीन द सी. इथे दोन क्रियापदांच्या मध्ये.

पहिल्या वाक्यातला ‘ईट्स’मधला ‘एस’ मुलं हमखास गाळतात. कारण ‘शी डझन्ट ईट’ त्यांनी घोटून घोटून पाठ केलेलं असतं, आणि तिथे ‘एस’ जातो. मुलांना वाटतं, नकार आला की ‘एस’ गेला. खरं तर ‘एस’ पळवतं ते ‘डझन्ट’. ‘नेव्हर’ कुणाचं काही घेत नाही. वर्गात मी म्हणते, “डझन्ट खिसेकापू आहे, नेव्हर सज्जन आहे.” मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

प्रश्न विचारताना मात्र ‘नेव्हर’चा भाऊ ‘एव्हर’ पुढे येतो. ‘हॅव यू एव्हर सीन द सी?’ आणि उत्तर, ‘नो, नेव्हर.’ इथे पालकांनीही एक लक्षात घ्यावं. मराठीत ‘कधी’ दोन कामं करतो. ‘तू मुंबईला कधी गेलास?’ याला ‘व्हेन’ लागतं. ‘तू कधी मुंबईला गेला आहेस का?’ याला ‘एव्हर’ लागतं. शब्द एकच, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारीख, आणि दुसऱ्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’. घरी मुलाला हे दोन प्रश्न मराठीतच विचारून फरक ओळखायला सांगा. इंग्रजी नंतर आपोआप सोपं जातं.

बोलण्यातला नेव्हर आणि आपल्या घरचे शब्द

आता वाक्प्रचारांकडे येऊ. हे शब्दशः भाषांतर करून शिकवू नका, असं मी कळकळीने सांगते. ‘नेव्हर माइंड’चं एका मुलाने ‘कधी मन नाही’ असं भाषांतर केलेलं मी पाहिलं आहे! त्यापेक्षा असा प्रश्न विचारा, “अशा वेळी आपल्या घरात काय म्हणतात?”

नेव्हर अगेन. एखादी फजिती झाली की इंग्रज म्हणतो, नेव्हर अगेन. आपण काय म्हणतो? कानाला खडा! किंवा, पुन्हा नाव काढणार नाही.

नेव्हर एंडिंग. संपता न संपणारं काम. म्हणजे आपलं मारुतीचं शेपूट.

वंडर्स नेव्हर सीज. उशिरा उठणारा भाऊ एखाद्या दिवशी पहाटे अंघोळ करून तयार दिसला तर इंग्रजीत हे म्हणतात. आपल्याकडे? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!

नेव्हर इन माय लाइफ. उभ्या जन्मात नाही. माझी आजी याहून पुढे जाऊन ‘बापजन्मात’ म्हणायची.

नाऊ ऑर नेव्हर. आता नाही तर कधीच नाही. हे जवळजवळ जसंच्या तसं जुळतं.

बेटर लेट दॅन नेव्हर. उशिरा का होईना, झालं ना! ही म्हण खूप जुनी, लॅटिनमध्ये लिव्ही या रोमन इतिहासकाराकडेही तशा अर्थाचं वचन सापडतं. उशिरा वही आणून देणाऱ्या मुलाला हे वाक्य हसून म्हणा. पण टोमणा म्हणून म्हटलंत तर पुढच्या वेळी ते मूल वही आणणारच नाही.

नेव्हर से नेव्हर. ‘कधीच नाही’ असं कधी म्हणू नये. मोठ्या वर्गातल्या मुलांना याची एक गोष्ट आवडते. शॉन कॉनरी या नटाने 1971 च्या चित्रपटानंतर जेम्स बाँडची भूमिका पुन्हा करणार नाही असं ठरवलं होतं. पण 1983 मध्ये तो पुन्हा बाँड म्हणून आला, आणि त्या चित्रपटाचं नावच होतं ‘नेव्हर से नेव्हर अगेन’. हे नाव त्याच्या पत्नीने सुचवलेलं.

आणि राहिलं नेव्हर माइंड. आपल्याकडे याला ‘असू दे’ किंवा ‘जाऊ दे’. यावर जरा थांबू या. कुणी धक्का लागला म्हणून ‘सॉरी’ म्हटलं तर ‘नेव्हर माइंड’ म्हणणं हे मोठ्या मनाचं. पण मूल काहीतरी सांगायला आलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा सांगितलं, तरी आपण मोबाइलमध्ये, आणि मग ते म्हणालं, ‘नेव्हर माइंड’, तर तो रुसवा आहे. मराठीतला ‘जाऊ दे’ही असाच दुधारी. उत्तर येत नाही म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाला आपण ‘जाऊ दे, बस खाली’ म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटतं आपण त्याला सोडवलं. त्याला कदाचित ऐकू येतं, तुझ्याकडून होणार नाही. शब्द तोच, सूर वेगळा. वाक्प्रचार शिकवताना सूरही शिकवायला हवा.

आता पुन्हा त्या शेऱ्याकडे

त्या शनिवारी शेंगांची पिशवी घरी नेली खरी, पण एकही शेंग घशाखाली उतरेना. त्या मुलाची वही मी सोबत आणली होती. पहिल्या पानापासून चाळली. सुट्टीनंतर मी एकूण 11 वेळा गृहपाठ दिला होता, दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. एक गुरुवार सुट्टीत गेला होता. त्या 11 पैकी 4 गृहपाठ त्याने पूर्ण केले होते. अक्षर वेडंवाकडं, पण पूर्ण.

म्हणजे माझा शेरा चुकीचा होता. मुलांना नेव्हरचा अर्थ शिकवणाऱ्या मीच नेव्हर चुकीचा वापरला होता. इंग्रजीत आलवेजपासून नेव्हरपर्यंत एक अख्खी शिडी आहे. आलवेज म्हणजे नेहमी. युज्वली म्हणजे बहुतेक वेळा. ऑफन म्हणजे बऱ्याचदा. समटाइम्स म्हणजे कधी कधी. सेल्डम किंवा रेअरली म्हणजे क्वचित. हार्डली एव्हर म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि तळाची पायरी नेव्हर. 11 पैकी 4 म्हणजे फार तर समटाइम्स. मी रागाच्या भरात त्याला थेट तळाला ढकलून दिलं होतं.

मग तारखा पाहिल्या. पूर्ण केलेले चारही गृहपाठ शनिवारचे. न केलेले सातही मंगळवारचे आणि गुरुवारचे. मंगळवारी आमच्या गावचा बाजार, गुरुवारी शेजारच्या गावचा. सोमवारी शाळेत त्याला जवळ बोलावून विचारलं. तो म्हणाला, “बाई, बाजारला आईसंगं भाजीपाशी बसतो. सुटे पैसे मीच देतो. घरी यायला लई उशीर हुतो.”

बघा, ‘नेव्हर’ लिहिलं की प्रश्नच संपतो. ‘समटाइम्स’ लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न मनात आपोआप आला असता, कोणत्या दिवशी करतो आणि कोणत्या दिवशी करत नाही? ते उत्तर त्याच वहीत, माझ्याच लाल सहीखाली चार आठवडे पडून होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी बाजारात गेले. त्याच्या आईकडून मेथीची जुडी घेतली आणि सगळं खरं सांगितलं. शेऱ्याचा अर्थ काय होता, मुलाने तो चुकून उलटा कसा वाचला, आणि मुळात माझा शेराही कसा चुकीचा होता. ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग एवढंच म्हणाली, “मग बाई, आमाला मराठीत का न्हाई लिव्हलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही हे मला ठाऊक होतं. तरी शेरा इंग्रजीत लिहिला, कारण लाल पेनाने इंग्रजीत लिहिलं की वजन येतं असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. तो शेरा पालकांसाठी होता की माझ्या रुबाबासाठी, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. मेथीचे पैसे तिने घ्यायला नको म्हटलं. मी ठेवूनच आले.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. शेरे मराठीत लिहिते. शेऱ्यात ‘कधीच’, ‘नेहमी’ हे शब्द मोजल्याशिवाय वापरत नाही. आणि बाजारच्या दिवशीचा गृहपाठ ज्यांना जमत नाही, ती मुलं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून करतात. तो मुलगा एकटाच नव्हता, आणखी चौघं निघाली.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. ‘तू कधीच ऐकत नाहीस’, ‘तू कधीच जागेवर वस्तू ठेवत नाहीस’, ‘तुला कधीच गणित जमणार नाही’. घरात दिवसभर आपण किती वेळा म्हणतो! मूल दहातल्या तीन वेळा ऐकत असेल, तर ‘कधीच’ ऐकल्यावर त्याला वाटतं, ते तीन वेळचं कुणी पाहिलंच नाही. मग ते तरी कशाला करायचं?

करून पाहण्यासारखं

वर्गात किंवा घरी हा छोटा उपक्रम घ्या. मुलांना स्वतःबद्दल आणि घरच्यांबद्दल नेव्हरची पाच वाक्यं लिहायला सांगा. अट एकच, वाक्य खरं हवं. आधी तपासायचं, खरंच एकदाही नाही का? एकदा जरी घडलं असेल तर शिडीवरचा दुसरा शब्द शोधायचा. व्याकरण तर होतंच, पण मुलं आठवायला, मोजायला लागतात. आणि मोठ्यांनीही स्वतःची पाच वाक्यं लिहावीत, म्हणजे कळेल किती अवघड आहे ते.

आमच्या वर्गात हा उपक्रम घेतला तेव्हा त्या मुलाने चार वाक्यं खोडली आणि एकच ठेवलं. ‘माय मदर नेव्हर स्लीप्स बिफोर मी.’ माझी आई माझ्या आधी कधीच झोपत नाही. नेव्हर जागेवर, नकार एकच, ‘स्लीप्स’चा ‘एस’ही शाबूत.

मी विचारलं, “नक्की? एकदाही नाही?”

तो म्हणाला, “न्हाई बाई. मोजलंय.”